बंदूक मोकळी आहे

पुण्यात मी बंदूक एकाच ठिकाणी पाहिली होती, आमच्या कोपऱ्यावरच्या बँकेच्या दारात. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या रखवालदार काकांच्या मांडीवर ती आडवी असायची आणि तिच्या पट्ट्याला ते कधीकधी डब्याची पिशवी अडकवायचे. लोक तिच्या शेजारून पासबुक भरून घ्यायला जायचे. त्यामुळे बंदूक दिसली की माणसं दचकतात, हे मला न्यूझीलंडला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं तेव्हा बंदूक माझ्याच खांद्यावर होती.

मी लोअर हटमध्ये राहते आणि एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. शिकायला आले आणि राहिले. बोलणं मला पहिल्यापासून जमत नाही. शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि दोन्हीकडे मी ऐकणाऱ्यांतली. नेमबाजीकडे वळले तीही त्यामुळेच. रेंजवर सगळ्यांच्या कानांवर मफ्स असतात, कुणी गप्पा मारायला येत नाही, आणि गप्प माणसाला तिथे कुणी नावं ठेवत नाही. रीतसर परवाना काढला, रायफल घेतली, आणि तिथेच शोना भेटली.

शोना आमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे, निवृत्तीला टेकलेली. तिचं नाव खरंच शोना आहे, इकडे ते जुनं स्कॉटिश नाव समजतात. मी फोनवर "शोना, मी खाली थांबते," म्हणाले तेव्हा दुसऱ्या फोनवर असलेल्या आईने, "कोण गं तो?" असं ज्या आवाजात विचारलं तो मी विसरणार नाही.

हटच्या मागच्या डोंगरात शोनाचा स्वयंसेवकांचा गट रानबकऱ्या मारतो. कानाला हे वाईट लागतं, मलाही लागलं होतं. पण त्या जंगलात एकदा तिने मला खाली वाकून बघायला सांगितलं. वर शेकडो वर्षांची झाडं होती आणि त्यांच्याखाली एकही रोप नव्हतं. उगवलं की बकऱ्या खातात. म्हातारी माणसं उरलेल्या गावासारखं ते जंगल होतं. मला त्या गटात जायचं होतं, फार जायचं होतं.

"नेम धरायला मी कुणालाही शिकवीन," शोना म्हणाली. "पण त्या डोंगरात लोक पळायला येतात, पोरांना फिरवायला आणतात. तू तिथे एकटी रायफल घेऊन जाणार. भेटलेल्या माणसाशी तू काय बोलतेस, मी ते बघते."

दक्षिण बेटावरच्या तिच्या नेहमीच्या दरीत ती नव्या उमेदवाराला घेऊन जाते. तिथून परत आल्यावर ती गटप्रमुखाला एक फोन करते, हो किंवा नाही. एप्रिलमध्ये, इथल्या पानगळीच्या दिवसांत, माझा नंबर लागला. परीक्षा बोलण्याची आहे हे कळल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रस्ता संपतो तिथे

फेरीबोटीचा प्रवास आणि त्यानंतरची लांबलचक ड्रायव्हिंग मी वगळते. कायकोराच्या किनाऱ्यावर सील माशीसुद्धा न हाकलता झोपलेले असतात आणि तिथल्या एका डेअरीत, म्हणजे इकडच्या वाणसामानाच्या दुकानात, उत्तम मटण-पाय, म्हणजे भाजलेल्या पारीत भरलेलं मटण, मिळतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आमची दरी ख्राइस्टचर्चच्या पश्चिमेला आत होती. डांबर संपतं, खडी सुरू होते, मग खडीही संपते आणि एक गाड्या लावायचं मैदान येतं. तिथे मी भडक केशरी जॅकेट चढवलं, रायफल बाहेर काढली आणि तिचा बोल्ट काढून खिशात टाकला. बोल्ट म्हणजे मागचा सरकता दांडा. तो काढला की रायफल म्हणजे लाकडाला लावलेली पोकळ नळी. काडतुसं निराळी, पिशवीच्या तळाशी, कुलपात. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं आणि मान वर केली, तर कॅम्पर व्हॅनपाशी चहा पीत असलेलं एक जोडपं माझ्याकडेच बघत होतं.

"ठीक आहे ना पोरी?" त्यातले आजोबा म्हणाले. "नवऱ्याला माहीत आहे ना तू त्याची बंदूक आणलीयस ते?"

मला नवरा नाही. बंदूक माझी आहे. ही दोन वाक्यं बनवायला किती वेळ लागतो? मी हसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. आजोबांचं हसू हळूहळू ओसरलं आणि आजींनी कप घेऊन व्हॅनचं दार आतून लावून घेतलं.

शोनाने मदत केली नाही. चढ सुरू झाल्यावर तिने विचारलं, "का बोलली नाहीस?"

"ते आणखी काही बोलतील म्हणून थांबले होते."

"तू नेहमी समोरच्याच्या वाक्याची वाट बघतेस. एरवी छान आहे ते. पण खांद्यावर रायफल असताना गप्प उभी राहिलीस की समोरचा तुझी वाक्यं स्वतः रचतो, आणि भयंकर रचतो. पहिलं वाक्य तुझं पाहिजे."

पुढच्या वळणावर दोन मुलींना घेऊन एक आई येत होती. आम्हाला पाहून तिने दोघींना मागे ओढलं. मी पायवाटेवरून बाजूला गवतात उतरले आणि इथल्या माओरी नमस्काराने सुरुवात केली, "किया ओरा! आम्ही बकऱ्यांसाठी आलोय. बोल्ट बाहेर आहे, हा बघा." माझा आवाज एसटीच्या कंडक्टरसारखा निघाला. आई दचकून हसली. धाकटीने विचारलं, "ती खरी आहे?"

"खरी आहे. म्हणून तर रिकामी ठेवलीय."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, असं धाकटी म्हणाली आणि एवढ्यावर विषय संपवून ती मला आपले नवे बूट दाखवायला लागली.

पुढच्या चढावर शोना शीळ घालत होती.

पत्र्याची झोपडी

इथल्या डोंगरात जागोजागी सरकारी झोपड्या आहेत. चार भिंती, पत्र्याचं छप्पर, लाकडाची शेगडी, ओळीने झोपायचे बाक. येईल त्याने झोपावं. आपल्याकडे धर्मशाळेत निदान एक माणूस चौकशीला असतो, इथे तोही नाही, आणि तरी सरपण फोडून पुढच्या माणसासाठी रचून ठेवलेलं असतं. कोण ठेवतं? आधीचा माणूस. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात कुणालाच बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपडीपासून चांगलं दूर, समोरच्या उतारावर मी माझी पहिली बकरी मारली. शोनाने दुर्बीण डोळ्याला लावून, "मागे काय आहे?" एवढंच विचारलं होतं. मागे डोंगर होता. एका गोळीत काम झालं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. पण एक सांगते. इथले बहुतेक लोक ते मांस तिथेच टाकून येतात, बकरी खायची असते हेच त्यांना पटत नाही. मी महाराष्ट्रातली मुलगी. आमच्याकडे बाबा रविवारी सकाळी रांगेत उभे राहून "मांडीचं द्या, चरबी कमी," म्हणून हुज्जत घालतात. मी दोन्ही मांड्या झोपडीत आणल्या, मावशीच्या कृतीने केलेला कांदा-लसूण मसाला पिशवीतून काढला आणि शेगडीवर सुक्कं मटण शिजत टाकलं.

संध्याकाळी दोन तरुण शिकारी आले. दारात पाय ठेवल्याबरोबर त्यांची नजर आधी माझ्या रायफलीवर गेली, मग बोल्टच्या रिकाम्या जागेवर, आणि मगच माझ्यावर. ओळख झाली. इकडच्या जाणत्या लोकांत ही वाचायची रीत आहे, आपल्याकडे आडनावावरून वाचतात तशी. मग एकाने दस्त्यावरच्या लाल डागाकडे बोट दाखवलं. "रक्त आहे का ते?"

"कुंकू आहे. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. माझ्या आईने कात्रीला, स्क्रूड्रायव्हरला आणि बाबांच्या लॅपटॉपलाही लावलं होतं."

"लॅपटॉपला का?"

"तेच त्यांचं हत्यार."

तो खूप हसला आणि त्याने ताटलीत दुसऱ्यांदा मटण वाढून घेतलं. ब्रेडने ताटली पुसताना त्याच्या नाकातून पाणी येत होतं. "तिखट आहे," तो म्हणाला, "पण थांबता येत नाहीये."

या गोंधळात एक बाई आत आली, पन्नाशीची, एकटी. "हाय ऑल," म्हणत तिने पाठीवरची बॅग उतरवली, आणि भिंतीला टेकलेल्या रायफली तिला दिसल्या. उतरवलेली बॅग तिने पुन्हा उचलली आणि, "मी बाहेर तंबू लावते," म्हणाली. बाहेर पाऊस लागला होता.

मी गप्प बसणारी आहे, त्यामुळे गप्प बसणाऱ्यांचे चेहरे मला वाचता येतात. मी तिच्यामागे ओसरीवर गेले. माझं तयार वाक्य, बोल्ट बाहेर आहे, बकऱ्यांसाठी आलोय, इथे चालणार नाही हे मला दिसत होतं. रिकामी आहे की भरलेली, हा तिचा प्रश्नच नव्हता.

"त्या कुठे ठेवल्या तर तुम्हाला आत झोपता येईल?" मी विचारलं.

"मी ख्राइस्टचर्चची आहे," एवढंच ती म्हणाली. पुढचं तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथल्या मशिदींमधल्या गोळीबारानंतर या देशात ते विचारावं लागत नाही. मग म्हणाली, "मला दिसणार नाहीत अशा."

आत येऊन मी त्या पोरांना सांगितलं. ते लगेच उठले. तिन्ही रायफली आम्ही आमच्या बाकांखाली, रेनकोटात गुंडाळून ठेवल्या, बोल्ट शोनाने आपल्या बॅगेत घालून कुलूप लावलं. बाई आत आली. तिने मटणही खाल्लं, अगदी थोडं, भरपूर पाण्याबरोबर.

शोना भांडी पुसत होती. "हे मी तुला शिकवलं नव्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं, पास झाले. पण ती पुढे म्हणाली, "उद्या तू पुढे एकटी उतर. मी मागून येईन. मी शेजारी आहे म्हणून तू बोलतेस की काय, ते बघायचंय."

झुलता पूल

उतरताना नदीवर एक झुलता पूल लागतो. दोन जाड तारा, मध्ये जाळी, आणि पाटी, एका वेळी एकच माणूस. मी पोचले तेव्हा पलीकडून दोन माणसं एकदम येत होती, एकमेकांचा हात घट्ट धरून. त्यांच्यामागून, पलीकडच्या काठावरून, एक जण ओरडत होता, "आई, एकेकाने! पाटी वाचा ना!"

"तू गप रे! मी यांना एकटं सोडणार नाही!"

मराठी. तीन दिवसांत जी वाक्यं मी घोटून तयार केली होती ती सगळी इंग्रजीत होती.

साडीवर रेनजॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू पुढे होत्या. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर त्या थांबल्या, आणि पूल हलायला लागला.

"अहो. तिच्या खांद्यावर काय आहे बघा."

"छत्री असेल," मागचे काका म्हणाले.

"छत्रीला पट्टा असतो? बंदूक आहे ती!"

"मग असू दे. इथे चालत असेल."

"हसा तिच्याकडे बघून. दात नका दाखवू. साधं हसा."

दोघं माझ्याकडे बघून साधं हसले.

"चेहरा आपल्याकडचा वाटतो हो," काका हसत हसतच पुटपुटले.

"आपल्याकडची पोर बंदूक घेऊन रानात फिरेल? श्रीलंकेची वगैरे असेल. मागे वळू या का?"

हलत्या पुलावर साडीत मागे वळणं म्हणजे पाण्यात पडणंच. पहिलं वाक्य माझं पाहिजे होतं, आणि लगेच पाहिजे होतं. रिकामी हा शब्द मला येतो, जन्मापासून येतो. पण त्या क्षणी डोक्यात 'अनलोडेड' होतं आणि तोंडातून त्याचं माझं मराठी बाहेर पडलं.

"नमस्कार काकू! घाबरू नका! बंदूक मोकळी आहे!"

काकूंनी दोन्ही तारा गच्च धरल्या. "मोकळी आहे म्हणजे? धर की मग तिला!"

पलीकडून एका मुलीचा बारीक आवाज आला, "आजी, शी मीन्स इट्स नॉट लोडेड!"

"रिकामी!" मी ओरडले. "रिकामी आहे! हा बघा तिचा तुकडा माझ्या खिशात!" आणि मी बाजूला सरून, बोल्ट हातात उंच धरून उभी राहिले.

काकू उतरल्या. जमिनीवर पाय टेकताच त्यांची भीती कुतूहलात बदलली, आणि मग मात्र माझी खरी तपासणी सुरू झाली. कुठली? पुण्याची. पुण्यात कुठे? कर्वेनगर. आडनाव? लग्न? नाही? "बंदूक बघून पळत असतील," काकू म्हणाल्या. पोलिसात आहेस का? नाही, फार्मसिस्ट. मग ही कशाला? बकऱ्यांसाठी. एवढ्यात उत्तर बेटावरच्या पापाकुराला राहणारा त्यांचा मुलगा आणि बारीक आवाजाची नात पूल ओलांडून आले. काका-काकू नाशिकहून त्यांच्याकडे आले होते.

"मारता, आणि मग?" काकांनी विचारलं.

"काल सुक्कं केलं होतं."

काका पहिल्यांदा मनापासून हसले. "भाकरी होती बरोबर?"

"ब्रेड."

"छ्या," काका म्हणाले आणि कपाळ दाबत दगडावर बसले.

"वळणावळणाच्या रस्त्याने डोकं धरलंय यांचं सकाळपासून," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडे गोळ्या असतील ना गं?"

"आहेत. पण कुलपात आहेत, काकू. आणि तुम्हाला देता येणार नाहीत, परवाना लागतो."

काकूंनी मुलाकडे वळून बघितलं. "डोकेदुखीच्या गोळीला परवाना? काय रे तुमचा हा देश!"

क्षणभर मला काहीच कळलं नाही. मग कळलं, मुलालाही कळलं, आणि आम्ही दोघं एवढे हसलो की मला रायफलचा पट्टा सावरावा लागला. मी औषधाची पेटी काढली, आणि सवयीने विचारलं, "काका, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" बीपीची, म्हणाले, आणि रक्त पातळ करायची. म्हणून साधी पॅरासिटॅमॉल दिली. मुलाच्या खिशात अंगदुखीची दुसरी कडक गोळी निघाली, ती देऊ नका म्हणून बजावलं. या विषयावर मला दोन्ही भाषांत बोलता येतं.

सगळं इतकं गोडीत चाललं होतं, आणि तेवढ्यात काकूंनी फोन काढून मुलाच्या हातात दिला.

"दे गं ती इकडे. एक फोटो. खांद्याला लावून काढते. भिशीच्या बायका जळून जातील."

"काकू, ती देता येणार नाही."

"अगं, रिकामी आहे ना? तूच म्हणालीस."

"रिकामी असली तरी."

"एक मिनिट! मी काय पळवून नेतेय? तुझ्या आईसारखी मी."

इथे वाचणाऱ्या मराठी मुलींना वेगळं सांगायला नको. मी आजवर कुठल्याही काकूंना मराठीत नाही म्हटलेलं नव्हतं. दुसरा लाडू नको असतानाही घेते मी. इंग्रजीत नाही म्हणणं सोपं असतं, ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखं वाटतं. मराठीत ते आपल्यालाच म्हणावं लागतं. मी वाट बघितली असती तर कुणीतरी मध्ये पडलं असतं, त्यांचा मुलगा तोंड उघडतच होता.

"आईनेही मागितली तरी मी देत नाही, काकू," मी म्हणाले. "माझ्या नावावर आहे ती. ती माझ्याच हातात राहणार. फोटो माझ्याबरोबर काढा, हवे तितके."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. मी पट्टा सोडला नाही आणि मानही खाली घातली नाही.

"शिस्त आहे हो हिला," काका दगडावरून म्हणाले. "आपल्या सोसायटीच्या कमिटीवर पाहिजे होती ही."

काकू मला न्याहाळत होत्या. मग त्यांनी जॅकेट सारखं केलं, पदर वर घेतला आणि माझ्या मोकळ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "काढ रे," त्या मुलाला म्हणाल्या. "पण ती बंदूक दिसू दे नीट."

परतीच्या वाटेवर

शोना वरच्या वळणावर बसून सगळं बघत होती. गाडीपाशी आम्ही भेटलो तेव्हा तिने रायफल पिशवीत जाईपर्यंत काहीच विचारलं नाही. मी गाडी सुरू केल्यावर म्हणाली, "मला एक शब्द कळला नाही. पण ती मागत होती आणि तू दिली नाहीस, हे वरून दिसलं. त्या आधी ती पुलावर का किंचाळली?"

मग मी सांगायला लागले. मोकळी आणि रिकामी यांतला फरक सांगितला. मग गोळी सांगितली, की आमच्याकडे बंदुकीतून सुटते तीही गोळी, पाण्याबरोबर घेतात तीही गोळी, मुलांना खाऊ म्हणून देतात तीही गोळी, आणि या हिशेबाने माझं सगळं आयुष्य गोळ्यांवर चाललंय. मग भिशी म्हणजे काय ते सांगितलं. काकू म्हणजे काय हे सांगायला खडी संपून डांबर लागेपर्यंतचा रस्ता पुरला नाही. मग आईचं सांगितलं, शोना हे नाव ऐकून तिला काय वाटलं होतं ते, आणि शोना एवढी हसली की तिचा चष्मा पायाशी पडला. बाहेर समुद्र आला, सील आले, मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी बाबांच्या मटणाच्या रांगेवर आले होते.

फोनला रेंज आली तेव्हा शोनाने मला हाताने थांबवलं आणि गटप्रमुखाला फोन लावला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

"हो," ती म्हणाली. "हो, घ्या तिला. नदीकडचा भाग द्या, तिथे माणसं जास्त असतात." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. शोनाने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

"नाही, नेम उत्तम आहे. एवढंच सांगून ठेवते, पोरगी बोलते फार."